न ऐकलेल्या आवाजाची साक्ष

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. माझे घर अहिल्यानगरचे. शब्बाथ शाळा, दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी), मंडळीतली म्हणजे चर्चमधली गाणी, सगळे रीतीप्रमाणे झाले. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर एका प्रार्थना-गटात जाऊ लागले. तिथे प्रत्येकाचे देवाशी ‘वैयक्तिक नाते’ आहे. कुणाशी प्रभू सकाळी बोलतो, कुणाला स्वप्नात दाखवतो. मला कधीच काही ऐकू आले नाही. गेल्या वर्षी पप्पा वारले. पुढे गटात साक्ष देण्याची, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सर्वांसमोर सांगण्याची पाळी आली, तेव्हा मी सांगितले की इस्पितळात त्यांच्या खाटेशी बसले असताना प्रभू माझ्याशी बोलला आणि मला विलक्षण शांती मिळाली. खरे तर त्या रात्री मी फक्त सलाईनच्या थेंबांकडे बघत बसले होते. आता गटाचे पुढारी म्हणतात की युवक मेळाव्यासाठी या साक्षीचा व्हिडिओ करू. आईच्याही कानावर ती गेली असून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. प्रार्थनेला बसले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पुढाऱ्यांना हे सांगितले, तर म्हणाले, एखादे लपवलेले पाप असेल. माझे देवाशी नाते आहे की नाही?

उत्तर : भगिनी, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाते आहे, असे मला तुमच्या पत्रावरूनच वाटते, कारण ज्याच्याशी आपला काही संबंध नाही त्याच्यासमोर खोटे बोलल्याने कुणाची जीभ अडखळत नाही. तुमची अडखळते. ती गटातल्या लोकांसमोर अडखळली नाही, टाळ्या पडल्या तेव्हाही नाही. दार लावून एकट्या बसता तेव्हा अडखळते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तुमच्या गटातील लोक सगळेच चुकीचे बोलतात असे मात्र नाही. बाप्तिस्मा झाला, उपासनेला नेमाने गेले आणि गीते पाठ झाली, म्हणजे ख्रिस्त भेटला असे होत नाही, हे आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी फार स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे लिहिणारी बाई संस्कृत शास्त्रांत पारंगत होती, प्रश्न विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट स्वीकारणारी नव्हती, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, तिला आठ वर्षे लागली. त्या आठ वर्षांत रमाबाईंना कुणी दर आठवड्याला ‘प्रभू काय बोलला?’ असे विचारत बसले असते तर काय झाले असते, याचा विचार तुमच्या पुढाऱ्यांनी करावा.

शिवाय, देवाची ओळख पटण्याची रीत प्रत्येकाची एक नसते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या मनातील पालट सांगितला आहे, त्यात आकाशवाणी नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हा लक्ष्मीबाई दुःखाने खचून गेल्या होत्या. पुढे पुष्कळ काळाने, जातिभेद हा देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे सुटले. ज्यांच्या हातचे पाणीही आदल्या दिवसापर्यंत चालत नव्हते त्यांच्या हातचे ते चालू लागले. हा देवाशी झालेला संवाद नव्हे, असे कोण म्हणेल?

याच्या उलट उदाहरणही आहे. मदर तेरेसा यांना १९४६ साली दार्जिलिंगला जाताना आगगाडीत स्पष्ट पाचारण झाले, आणि संस्थेचे काम सुरू झाल्यानंतर मात्र त्यांना देवाची चाहूल लागेनाशी झाली. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत हा अंधार वर्षानुवर्षे दिसतो. ती पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला बसला नाही. ज्यांनी बायबलमधील ८८वे स्तोत्र शेवटपर्यंत वाचले आहे त्यांना तो बसू नये, कारण इतर बहुतेक विलाप-स्तोत्रे शेवटाकडे आशेच्या ओळीवर येतात, हे एक मात्र अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

आता ‘लपवलेल्या पापा’विषयी. बायबलमधील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याला नेमके हेच सांगितले होते, आणि त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा क्रोध त्या मित्रांवर भडकतो, ईयोबावर नव्हे. बाप गमावलेल्या मुलीला प्रार्थना सुचत नाही, यात पाप शोधत बसण्याचे कारण नाही; तो शोक आहे. (झोप आणि भूक गेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही.)

मला वाटते, तुमची प्रार्थना त्या इस्पितळातील रात्रीपाशी अडली आहे. तिथे काय घडले ते तुम्ही गटाला खोटे सांगितले, पण देवाला अजून खरेही सांगितलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहतो, आणि बेथानीला पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. लाजराची बहीण मार्था गावाबाहेर येऊन येशूला गाठते आणि म्हणते की आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मागाहून दुसरी बहीण मरीया येते, त्याच्या पाया पडते आणि तेच वाक्य बोलते. दोघी बहिणींनी घरात हे एकमेकींना किती वेळा म्हटले असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल. येशू त्यांना दटावत नाही, विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. मार्थेशी तो बोलतो. मरीयेचे रडणे पाहून तो स्वतः रडतो. या दोघींचे त्याच्याशी असलेले नाते याहून वैयक्तिक कसे असणार? ते ऐकलेल्या आवाजावर उभे नाही, त्याच्या तोंडावर केलेल्या तक्रारीवर उभे आहे.

म्हणून काही दिवस ‘हे स्वर्गीय पित्या’ने सुरू होणारी पाठ प्रार्थना बाजूला ठेवावी, आणि घरी पप्पांशी ज्या भाषेत बोलत होता त्या भाषेत देवाशी बोलावे. ‘मी तिथे बसले होते, तू काहीच बोलला नाहीस, आणि मी तू बोललास असे सांगितले,’ एवढे वाक्य पुरे आहे. त्यापुढे काही सुचले नाही तर १३वे स्तोत्र मोठ्याने वाचावे. उत्तर ऐकू येते का, याकडे कान लावून बसू नये. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, चुकवू नये. तिथे तुम्हाला काही वाटले पाहिजे अशी अट कुणी घातलेली नाही.

व्हिडिओला मात्र स्वच्छ नकार द्यावा. पुढाऱ्यांना सांगावे की मी जे सांगितले ते तसे घडले नव्हते, म्हणून ती साक्ष मी पुन्हा देणार नाही. सगळ्या गटासमोर उभे राहून कबुली देण्याची सक्ती कुणी केली, तर ती मान्य करण्याची गरज नाही. कुणी साक्षीविषयी थेट विचारले, तर खरे सांगावे. पुढाऱ्यांची प्रतिक्रिया कशी होते, यावरून या गटात राहावे की नाही हे तुम्हाला कळेलच. अहिल्यानगरच्या तुमच्या मंडळीचे पाळक तुम्हाला लहानपणापासून ओळखत असतील, तर त्यांच्याशीही मोकळेपणाने बोला.

आईचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो पुढाऱ्यांच्या आधी सोडवायला हवा, कारण ही गोष्ट तिला तुमच्याकडूनच कळली पाहिजे. फोनवर सांगू नका, घरी जा. तिला त्या साक्षीने धीर आला आहे हे खरे, पण नवऱ्याच्या शेवटच्या रात्रीविषयी खोट्यावर धीर धरून राहावे लागणे हा तिच्यावर अन्याय आहे. ‘आवाज आला नव्हता’ एवढेच सांगून थांबू नका. ती रात्र तिला सगळी सांगा : त्यांना धाप किती लागत होती, ते काही बोलले का, त्यांनी पाणी मागितले का, परिचारिका केव्हा आली, तुम्ही त्यांचा हात धरला होता का. आई रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. मेळाव्याची तारीख ठरण्याआधीच्या शनिवार-रविवारी हे उरका, आणि सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.