प्लंबर एक गळती काढतो नि दोन नव्या करून ठेवतो, काय करावं?

भाऊ, पहिले तर त्याला हाकलू नका, भर उन्हाळ्यात नागपुरात जो तो कूलरच्या मागे असते, दुसरा प्लंबर भेटेपर्यंत तुमची भिंत फोडलेलीच राहील. पैसे मात्र काम पाहूनच द्या. आमच्याकडे एक आला होता नळ बदलायला, त्याने पान्याने इतका पिळला की भिंतीतला प्लास्टिकचा एल्बोच, म्हणजे पाइप वळवायचा जोड, तडकला, वरून म्हणते "मालच डुप्लिकेट आहे काका". नळ बसतो तिथे आतून पितळी आटे असलेला एल्बो पाहिजे, तो तुम्हीच आणून द्या नि बिल ठेवा, म्हणजे मालाचं निमित्त संपलं. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाण्याच्या पाइपाच्या, जोडाला सोल्युशन (चिकटवायचा गोंद) लावल्यावर डब्यावर लिहिला तितका वेळ थांबायचं असते, पण हे लोक पाच मिनिटात व्हॉल्व उघडतात नं मग तोच जोड रात्री झिरपून राहतो. टाइल्स लावायच्या आधी लाइन भरून रात्रभर तशीच ठेवा, नंतर गळती दिसत नाही, डायरेक्ट पलीकडच्या खोलीत ओल येते. आणि हो, मेन व्हॉल्व कुठे आहे ते आजच पाहून ठेवा, तो फिरतो का तेही.