पऱ्हे आणि सिकाई

नागपूर, जूनअखेर

प्रिय,

परवा बर्डीवर चहा पिताना व्होकल कॉर्डच्या, म्हणजे स्वरतंतूच्या, कॅन्सरसाठी केलेल्या तुझ्या पहिल्या रेडिएशन प्लॅनबद्दल किती उत्साहाने बोलत होतास! प्लॅन चांगलाच आहे. पण पेशंटची शेती किती, असं विचारलं तर तू गप्प. म्हणून लिहितेय.

हा आजार आपल्याला तशी सवलतच देतो. आवाज लवकर बसतो, म्हणून माणूस लवकर येतो. स्वरतंतूवर लसवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे मानेत गाठी क्वचितच. किरणांना पाच-सहा सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. टी-वनचे, म्हणजे आजार तंतूपुरताच असलेले, शंभरातले नव्वदच्या आसपास पेशंट नुसत्या रेडिएशनवर बरे होतात. उरलेले दहा का हुकतात, ते शोधणं आपलं काम.

घसा बघायचा स्कोप स्वतः घाल, रिपोर्टवर विसंबू नकोस. "ई" म्हणायला लाव. तंतू मंद हलत असेल तर तो टी-टू. निकाल तिथेच खाली येतो. गाठ किती भरीव आहे ते बघ. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात तो कोपरा तर वहीत काढूनच ठेव. त्याच्या पुढे कूर्चा आणि थोडी कातडी, मागे हवा. हडकुळ्या मानेत सहा एमव्हीच्या किरणांचा डोस नेमका तिथे कमी पडू शकतो. एरवी कातडी वाचते म्हणून आपण खूश असतो, इथे मात्र बोलस (कातडीवर ठेवायचा थर, त्याने वरवरचा डोस वाढतो) लावायचा का, याचा विचार कर.

डोसचं म्हणशील तर २००६ साली छापून आलेली जपानी चाचणी वाच. रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) दिलेल्या टी-वन पेशंटमध्ये पाच वर्षांनी ७७ टक्क्यांचा आजार काबूत होता, २.२५ ग्रे दिलेल्यांत ९२. रोजचा डोस थोडा मोठा, एकूण दिवस कमी. म्हणून आपण ६३ ग्रे २८ बैठकांत देतो.

आता माझी चूक सांगते. भंडाऱ्याकडचे एक काका होते. सतरावी सिकाई, म्हणजे रेडिएशनची बैठक, झाली आणि म्हणाले, "पऱ्हे पिवळे पडून राहिले मॅडम, रोवणी आटपून दोन दिवसांत येतो." पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. काका आले बाराव्या दिवशी, पायाच्या नखांत चिखल तसाच. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या पेशी जोमाने वाढू लागतात, हे मला पाठ होतं. तरी मी राहिलेले दिवस नुसते शेवटी जोडले. दीड वर्षाने आजार परतला, स्वरयंत्र काढावं लागलं. त्या खंडामुळेच असं सिद्ध करता येणार नाही. मला मात्र ते पाय अजून दिसतात.

तेव्हा खंड पडला तर त्याच आठवड्यात भरून काढ: शनिवारी बोलाव, किंवा सहा तासांच्या अंतराने दिवसाला दोनदा दे. मशीन बंद पडलं तरी हाच नियम.

बिडी चालू ठेवणाऱ्यांचे निकाल वाईट येतात. आपल्याकडे खर्राही (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) विचार, कारण "तंबाखू नाही" म्हणणाऱ्याच्या खिशातून पन्नी निघते. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांचंही जमत नाही, पण रक्त चढवल्याने निकाल सुधारतो असं दिसलेलं नाही. ते कमी का आहे, ते शोध.

सोमवारी तुझ्या पेशंटला आधी विचार, यंदा रोवणी कोण करणार? आणि मुलाबरोबर शेजाऱ्याचाही फोन नंबर फाइलवर लिहून घे.

तुझी,
मॅडम