'होर्ड्स डेअरीमन' हे दूधधंद्याचं अमेरिकन नियतकालिक किती जुनं आहे?

१८८५ पासूनचं. विस्कॉन्सिन राज्यात फोर्ट ॲटकिन्सन या गावी विल्यम डेम्प्स्टर होर्ड यांनी ते काढलं. त्यांचं स्थानिक वर्तमानपत्र १८७० पासून चालू होतंच. पुढं १८८९ ते १८९१ ते राज्याचे गव्हर्नरही होते! पण मला भारी वाटतं ते वेगळंच. 'लसूणघास लावा' (म्हणजे जनावरांचा हिरवा चारा) असं अंकातून नुसतं न सांगता त्यांनी १८९९ मध्ये स्वतः शेत घेतलं आणि घास पिकवून दाखवला. आपल्या सांगली जिल्ह्यात पलूस-भिलवडीकडं गोठ्यामागं लसूणघासाचे वाफे दिसतात, म्हणून त्यात काय विशेष असं वाटेल. पण विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांच्या तेव्हा ते गळी उतरवावं लागलं. मुरघासाचाही (हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) त्यांनी असाच पिच्छा पुरवला.