वाचकांचे प्रश्न : दुसरा भाग जास्त आवडला तर?

प्रश्न : मी अकरावीत आहे. स्कॉट वेस्टरफेल्डचं ‘लेव्हायथन’ आवडलं होतं, पण सुरुवातीला सगळं समजून घेताना दम लागला. आता त्याचा दुसरा भाग ‘बेहेमॉथ’ वाचतेय आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मजा येतेय. मैत्रीण म्हणते, दुसऱ्या भागात नेहमी पाणीच घातलेलं असतं, तुला कळत नाही. बाबांचं वेगळंच. ते म्हणतात, हा खोटा इतिहास आहे, पेपरात घोटाळा करशील. म्हणून मी वाचता वाचता फोनवर खरं काय ते शोधत बसते आणि गोष्ट तिथेच अडकते. काय करू?

उत्तर : आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ये. मग बोलू.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साल १९१४, पहिलं महायुद्ध. पण या जगात ब्रिटन आणि त्याचे मित्र ‘डार्विनवादी’ आहेत. चार्ल्स डार्विनला इथे सजीवांच्या जडणघडणीचे धागेच सापडलेत, त्यामुळे ते लढाईसाठी नवेनवे प्राणी घडवतात. समोर जर्मनी आणि ऑस्ट्रिया, म्हणजे ‘क्लँकर’. त्यांचा सगळा भरवसा पायांवर चालणाऱ्या लोखंडी यंत्रांवर. ॲलेक हा ऑस्ट्रियाचा युवराज, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा पोरका झालेला, जीव वाचवून पळालेला मुलगा. डेरिन ही मुलाच्या वेषात ब्रिटिश हवाई दलात घुसलेली मुलगी. आणि लेव्हायथन हे देवमाशापासून घडवलेलं, श्वास घेणारं हवाई जहाज.

आता तुझ्या मैत्रिणीचं. तिचं म्हणणं बऱ्याच मालिकांना लागू पडतं, हे मान्य. पहिला भाग खपला म्हणून दुसरा लिहायला घेतला आणि सांगण्यासारखं काही उरलंच नाही, असे दुसरे भाग मीही अर्ध्यावर सोडलेत. इथे तसं नाही, आणि का नाही ते तू स्वतःच लिहिलंयस. पहिल्या भागात तुला दम लागला. लागणारच! जहाजाला वर उचलणारा हायड्रोजन त्याच्या पोटातले जीवाणू तयार करतात, वटवाघळांना धातूचे अणकुचीदार तुकडे खाऊ घालून ते शत्रूवर पाडायला लावतात, हे सगळं वाचकाच्या गळी उतरवायचं आणि शिवाय कथाही पुढे न्यायची. लेखकाची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. ‘बेहेमॉथ’ उघडतं तेव्हा यातलं काही शिल्लक नाही. गोएबेन आणि ब्रेस्लाऊ या दोन जर्मन युद्धनौका भूमध्य समुद्रात दिसतात आणि थेट चकमक. कोणी थांबून तुला काही समजावत नाही, कारण तू आता नवखी नाहीस. पहिल्या भागाच्या शेवटी लेव्हायथनला क्लँकर इंजिनं बसवलेली आहेत, म्हणजे जहाजच अर्धं प्राणी, अर्धं यंत्र झालंय. ज्या दोन गोष्टी पहिल्या भागात एकमेकींच्या वैरी म्हणून शिकलीस, त्या एकाच जहाजात नांदताना बघायची मजा पहिला भाग वाचलेल्यालाच मिळते.

पण माझ्या मते खरं कारण आणखी खोल आहे, आणि त्याचा संबंध बाबांच्या आक्षेपाशी आहे.

पहिल्या भागात इतिहास मागच्या पडद्यासारखा असतो. साराजेव्हो, २८ जून १९१४, फ्रान्झ फर्डिनांडचा खून, युद्ध पेटलं, एवढं पुरतं. दुसऱ्या भागात तो पडदा सोडून रंगमंचावर येतो. कथा इस्तंबूलला पोचते आणि प्रश्न असा उभा राहतो की ऑटोमन साम्राज्य, म्हणजे तेव्हाचं तुर्कस्तान, युद्धात कोणाच्या बाजूने उतरणार? १९१४ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न खरोखरच टांगणीला लागलेला होता. निवृत्त होईपर्यंत मी वर्गात इतिहास शिकवला, आणि ‘तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले’ हे वाक्य मुलं कसं घोकतात ते पाहिलंय. त्या एका ओळीत काय काय दडलंय ते बघ.

ऑटोमन सरकारने ब्रिटनमध्ये दोन मोठ्या युद्धनौका बांधायला दिल्या होत्या, रेशादिये आणि सुलतान उस्मान. त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली होती. उस्मानची गोष्ट तर गमतीची. ती मुळात ब्राझीलसाठी बांधायला घेतली होती, ब्राझीलने विकून टाकली, आणि तिच्यावर बारा इंची तोफा होत्या चौदा. ऑगस्ट १९१४ च्या सुरुवातीला, ताबा द्यायची वेळ आली तेव्हा, नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी दोन्ही ब्रिटनसाठी ठेवून घेतल्या. इस्तंबूलमध्ये संतापाची लाट उसळली. त्याच सुमारास गोएबेन आणि ब्रेस्लाऊ भूमध्य समुद्रात ब्रिटिश नौदलाला गुंगारा देऊन १० ऑगस्टला इस्तंबूलकडे नेणाऱ्या डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीशी पोचल्या. तटस्थ देशाने लढणाऱ्या देशाच्या नौका आसऱ्याला ठेवायच्या नसतात. मग युक्ती निघाली. जर्मनीने त्या ऑटोमन नौदलाला ‘विकल्या’. नावं बदलली, झेंडा बदलला, जर्मन खलाशांच्या डोक्यावर तुर्की फेज टोप्या आल्या. ॲडमिरल तोच, सूशॉन. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि साम्राज्य युद्धात ओढलं गेलं.

आता सांग, टोप्या बदललेली जर्मन युद्धनौका ही कल्पना कादंबरीतली वाटते की इतिहासातली?

वेस्टरफेल्ड अशाच जागा हेरतो. चर्चिलने अडकवलेली ‘उस्मान’ त्याच्या गोष्टीत आहे. गोएबेन आहे, फक्त तिच्यावर विजेचे लोळ फेकणारी टेस्ला तोफ बसवलीय. जहाजावर गूढ अंडी घेऊन आलेली डॉ. बार्लो आहे, आणि नोरा बार्लो नावाची डार्विनची नात खरोखर होती. १८८५ ते १९८९ असं दीर्घ आयुष्य जगलेली, स्वतः वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर काम केलेली. डार्विनच्या आत्मचरित्रातला जो मजकूर कुटुंबाने गाळला होता, तो परत घालून तिने १९५८ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं. कादंबरीतल्या बार्लोबाईंबरोबर दोरीला बांधलेला एक टास्मानियन वाघ हिंडतो. हा प्राणीही घडवलेला नाही, अस्सल आहे. शेवटचा ज्ञात टास्मानियन वाघ १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. म्हणजे देवमाशाच्या जहाजावरचा सगळ्यांत साधा प्राणी हाच आपण गमावून बसलोय! (मला ही लेखकाची सगळ्यांत क्रूर आणि सगळ्यांत चांगली खोडी वाटते.)

बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे का? आहे. ॲलेक मुळात नव्हताच. फ्रान्झ फर्डिनांडला तीन मुलं होती, आणि त्याची बायको राजघराण्याच्या बरोबरीची नसल्यामुळे त्यांना गादीवर हक्क नव्हता. शिवाय कादंबरीतल्या इस्तंबूलमध्ये सुलतान अजून सर्वसत्ताधीश आहे, त्याच्या मागे त्याच्या हालचालींची नक्कल करणारा अजस्र यांत्रिक पुतळा उभा आहे, आणि क्रांतिकारक त्याला खाली खेचायच्या बेतात आहेत. प्रत्यक्षात सुलतानाची सत्ता मोडू पाहणाऱ्या ‘तरुण तुर्क’ गटाचं बंड १९०८ मध्येच यशस्वी झालं होतं, आणि १९१४ मध्ये सुलतान नावापुरता उरला होता. कारभार एन्व्हर, तलात आणि जेमाल या तिघांच्या हातात. पेपरात सुलतानाचा पुतळा लिहून आलीस तर मीही शून्य देईन.

पण बाबांना आदराने एक विचार. ‘चर्चिलने नौका अडवल्या म्हणून तुर्क जर्मनीकडे गेले’ हे सुटसुटीत कारण अनेकांच्या वह्यांमध्ये असतं. ते तरी पुरतं खरं कुठे आहे? ऑटोमन नेत्यांनी जर्मनीशी गुप्त करार केला तो २ ऑगस्टला, म्हणजे नौकांवरून रस्त्यावर ओरड होण्याच्या आधीच. कादंबरी निदान उघडपणे सांगते की मी बनवलेली आहे.

आणि एक गोष्ट अशी, जी इतिहास माहीत असल्याशिवाय ‘बेहेमॉथ’मध्ये दिसतच नाही. त्यातल्या इस्तंबूलमध्ये निरनिराळ्या जमातींच्या वस्त्यांची आपापली चालती यंत्रं आहेत. ज्यूंची गोलेम (त्यांच्या दंतकथेतला मातीचा माणूस), ग्रीकांची मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा माणूस), अर्धी स्त्री अर्धी नागीण अशी शाहमारान. ही सगळी एकत्र येतात, मसाल्याच्या तिखट पुडीचे बाँब फेकतात आणि सुलतानाच्या यंत्रांना भिडतात. वाचताना हसू येतं, अंगावर रोमांचही येतात. पण त्याच शहरात २४ एप्रिल १९१५ च्या रात्री आर्मेनियन लेखक, पत्रकार, पुढारी यांची धरपकड सुरू झाली आणि त्यापाठोपाठ त्या समाजाच्या हद्दपारीचं आणि कत्तलींचं पर्व आलं. दुसऱ्याच दिवशी दोस्त फौजा डार्डानेल्सच्या काठी, गॅलिपोलीला उतरल्या. हे ठाऊक झाल्यावर त्या यंत्रांच्या मिरवणुकीकडे पुन्हा बघ. लेखकाने नुसतं ‘असं झालं असतं तर’ म्हटलेलं नाही, त्याने इतिहासाकडून काहीतरी मागून घेतलंय. त्याला ते मागावंसं का वाटलं, हे बाबांशी बोलायला चांगला विषय आहे. जेवताना नको.

तेव्हा क्रम असा ठेव : आधी पुस्तक, सलग, एका दमात. ‘हे खरं असेल का?’ असं जिथे वाटेल तिथे समासात पेन्सिलीची बारीक खूण. पुस्तक उसनं असेल तर कागदाची चिठी. संपल्यावर शेवटचं लेखकाचं टिपण वाच. खरं कुठे संपतं आणि कल्पना कुठून सुरू होते ते तो तिथे मोकळेपणाने सांगतो. मग खुणांकडे परत ये. गोएबेनचं पुढे काय झालं ते मुद्दाम शोध. कादंबरीतलं मी सांगणार नाही, पण खरी गोएबेन यावुझ नावाने पुढेही अनेक वर्षं तुर्की नौदलात राहिली, आणि १९३८ मध्ये आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांची शवपेटी तिच्यावरूनच इस्तंबूलहून इझमितला नेली.

मैत्रिणीला पुस्तक वाचायला दे. वाद मिटेल किंवा वाढेल, दोन्ही चालतील.

प्रश्न : आमच्या वाचनालयात ‘बेहेमॉथ’ आहे, ‘लेव्हायथन’ कायम कोणीतरी नेलेलं असतं. तेरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या भागापासूनच सुरू करतो म्हणतो. करू द्यावं का?

उत्तर : थांबवा त्याला, ताई. कथा समजेल, लेखक मागचे धागे देतो. पण डेरिन मुलगी आहे हे वाचकाला माहीत आणि ॲलेकला नाही, यावर दुसऱ्या भागातला निम्मा ताण उभा आहे. तो ताण पहिल्या भागात हळूहळू चढलेला असतो. तो चढताना पाहिला नाही तर डेरिनच्या प्रत्येक थापेची किंमत कळत नाही. वाचनालयात नाव नोंदवून ठेवा. तोवर त्याने १९१४ चा युरोपचा नकाशा काढून भिंतीला लावला तर उत्तम. तुमचंही काम होईल, कारण ऑस्ट्रिया-हंगेरी केवढा होता हे तो तुम्हाला रोज ऐकवेल.

प्रश्न : वय बावन्न. किशोरांसाठीची ही मालिका मी लपून वाचतो. हसू नका.

उत्तर : हसले नाही. लपू मात्र नका. घरातल्या मुलांना कळलं तर दोन प्रती घ्याव्या लागतील, एवढाच धोका.

प्रश्न : नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये या मालिकेची ॲनिमेशन आवृत्ती आली. ती आधी बघितली तर दुसरा भाग वाचायची मजा जाईल का? आणि तिसरा भाग लगेच घ्यावा की थांबावं? ‘बेहेमॉथ’ इतकं आवडलंय की निराशेची भीती वाटते.

उत्तर : पुस्तक आधी. कारण छापील आवृत्तीत कीथ थॉम्पसनची चित्रं आहेत, आणि ती सजावट म्हणून घातलेली नाहीत. लोखंडी पायांचे सांधे, जहाजाच्या कातडीवरचे दोर, सगळं त्या काळातल्या सचित्र पुस्तकांच्या थाटात रेखाटलंय. पडद्यावरची रूपं आधी डोक्यात बसली की ही चित्रं नुसती उलटली जातात. यंत्रहत्ती आला की पान उलटू नका. त्याचा पाय कुठून वाकतो ते बघा, मग पुढची मारामारी कशी झाली ते आपोआप कळतं.

तिसऱ्याचं म्हणाल तर थांबायचं काही कारण नाही. तिन्ही भाग २००९, २०१० आणि २०११ असे वर्षाला एक आले, त्यामुळे लेखकाची पकड सुटलेली नाही. मला स्वतःला इस्तंबूलची सर पुढे कुठेच आली नाही, पण ‘गोलायथ’मध्ये साक्षात निकोला टेस्ला आहे आणि तो भलताच रंगलाय. त्याच्याबद्दलचे प्रश्न पुस्तक संपवून पाठवा. आधी पाठवलेत तर उत्तर देणार नाही.