गल्लीत धूर का नव्हता

प्रिय चिऊ,

११ नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, शाळेतून आलीस ती कोटावरचं लाल पॉपीचं फूल न काढताच जेवायला बसलीस. म्हणालीस, "बाबा, आज शाळेत बिगुल वाजला. जिजीच्या दादासाठी वाजला होता तोच." मी म्हटलं, हो, गावी गल्लीतल्या जिजीच्या फौजी पोराला निरोप देताना वाजली तीच धून, इंग्रजांच्या फौजेतून इथे कॅनडातही आली आणि तिथे भारतातही. सुटलो असं मला वाटलं. तेवढ्यात तू विचारलंस, "तिथे सगळे जिजीशी खोटं का बोलले? आणि मलाही का बोलायला लावलंत?"

मी 'उद्या सांगतो' म्हणून पोळी आणायला उठलो. त्या उद्याला आता चार दिवस झाले. समोर बसून सांगायला लागलो की मी भलतीकडे जातो, म्हणून लिहितोय. मराठीतच लिहितोय, कारण यातले निम्मे शब्द इंग्रजीत मला सापडत नाहीत. कुठे अडलीस तर आईला विचार.

आपण गेलो होतो कानबाईसाठी. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसते. पुण्यात कुणाला सांगितलं तर 'ही कोणती देवी?' म्हणतात, पण खानदेशात त्या दिवशी सुरतेपासून मुंबईपर्यंत पांगलेले भाऊबंद गावात हजर असतात. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून देवी मांडतात आणि सोमवारी गात-नाचत नदीवर नेतात. शनिवारी आजी रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मोजत होती, तेव्हा तू तिच्या मांडीला चिकटून बसली होतीस. रीत अशी की घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. आजीने सगळ्यांच्या मुठी टाकल्या आणि मग तुझीही टाकली. आजोबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आजोबा बोलले नाहीत म्हणजे मान्य. तेवढ्या एका मुठीसाठी चौदा तासांचं विमान आणि वर नऊ तासांची गाडी वसूल झाली असं मला त्या क्षणी वाटलं होतं.

फोन आला तो त्याच संध्याकाळी. जिजीच्या थोरल्या मुलाला, धाकट्याच्या युनिटमधून. धाकट्याची गाडी लडाखात दरीत कोसळली होती. थोरला आधी आपल्या ओसरीवर आला, आजोबांपाशी. आत स्वतःच्या घरी गेलाच नाही. पाच-सहा माणसं जमली, आणि अर्ध्या तासात ठरलं: जिजीला आणि तिच्या नवऱ्याला सांगायचं की पोरगा जखमी आहे, दवाखान्यात आहे, पुण्याला आणताहेत.

आता तुझा प्रश्न. का?

एक कारण सरळ होतं. पार्थिव यायला दीड-दोन दिवस लागणार होते. आपल्याकडे मरण कळतं तेव्हा बहुतेक देह समोर असतो. बाई त्याच्यावर पडून रडते, शेजारणी तिला धरतात, दुपारपर्यंत माती होते. (जाळलं तरी आपण 'माती'च म्हणतो.) जिजीसमोर काही नव्हतं. रिकाम्या अंगणात दोन रात्री एका आईने रडायचं तरी कशाला धरून? दुसरं कारण तिचा भाऊ. बाईवर असा घाला आला की तिच्या माहेरचं माणूस शेजारी असलं पाहिजे, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. तो शिरपूरच्या पलीकडून निघून पोचेपर्यंत थांबायचं, असं ठरलं. तिसरं कारण कोणी बोललं नाही, पण मला दिसलं: सांगायचं धाडस त्या पाच-सहा जणांत कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

तू म्हणशील, इथे असं करत नाहीत. खरं आहे. कॅनडात आधी घरच्यांना सांगतात, गणवेशातली माणसं दारात येऊन उभी राहतात, आणि त्यानंतरच नाव बाहेर पडतं. आमच्या गावात उलटं झालं. गावाला आधी कळलं, आईला सगळ्यात शेवटी. आणि त्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती तुला तेव्हा सांगितली नव्हती. शनिवारी रात्रीच गावातल्या पोरांनी त्याचा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं स्टेटस टाकलं. त्याची बायको माहेरी होती, शहाद्याकडे. तिने ते स्वतःच्या फोनवर पाहिलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. म्हणजे आमचं सांभाळून घेणं फक्त ज्यांच्याकडे साधे फोन होते त्यांच्यापुरतंच होतं. त्या पोरांवर मी अजून चिडलेला आहे. ती वाईट नाहीत, हे माहीत असूनही.

रविवारी सकाळी गावात चूल पेटली नाही. गावात मयत असलं की माती होईपर्यंत गल्लीतल्या चुली थंड ठेवतात, ही जुनी रीत. पण मयत अजून गावात नव्हतंच. शिवाय जिजी आपली भाऊबंद नाही, आडनाव वेगळं, तेव्हा आपल्याला सुतकही नव्हतं. नियमाने बघितलं तर आपण कानबाई बसवू शकत होतो. बैठक झाली नाही, कोणी दवंडी दिली नाही, तरी एकाही घरात पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर चुलीवर चढलं नाही. वाजंत्रीवाल्यांना वेशीवरूनच परत पाठवलं. तुम्हा पोरांना केळी आणि बिस्किटं दिली, मोठ्यांनी चहासुद्धा घेतला नाही. तू नवा परकर घालून ओसरीवर बसलीस आणि कोणीच काही सांगेना. त्या रागाचं मी तेव्हा काही केलं नाही, याबद्दल माफ कर.

खापराचं मात्र लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आजीचं खापर गेल्या वर्षी तडकलं. पुरणाच्या पोळ्यांसाठी जिजीचं घ्यायचं असं आदल्या दिवशी ठरलं होतं. जिजीने ते धुऊन, पुसून दाराशी उभं करून ठेवलं होतं. आठ वाजले, नऊ वाजले. न्यायला कोणी गेलं नाही. मग ती स्वतःच उंबऱ्यावर आली आणि आजीला अहिराणीत विचारलं, "गल्लीमा धूर काबर नही?"

आजी म्हणाली, "लाकडं ओली आहेत."

श्रावण होता, रात्री पाऊस झाला होता, सगळं खरंच. पण अख्ख्या गल्लीची लाकडं एकाच दिवशी ओली कशी होतील? जिजी थोडा वेळ उभी राहिली. मग तुझ्याकडे वळली. "मन्हा पोऱ्याले फोन लाव बेटा." तुझ्या हातात माझा फोन होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली, आणि हळूच म्हटलं, सांग नेटवर्क नाही. तू सांगितलंस, "नेटवर्क नाहीये, जिजी." ती "बरं" म्हणाली, आत गेली, आणि तुझ्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घालून गेली. पोर दारात आली तर तिला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

ते दाणे तू खाल्ले नाहीस. रात्री परकराच्या घडीत सापडले मला.

जिजीचा भाऊ सोमवारी पहाटे चारला पोचला. त्याने शब्दही काढला नाही. तिच्याजवळ खाली बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तू झोपेतून दचकून उठलीस, तो आवाज तिचाच होता.

सकाळी पार्थिव ओझरच्या विमानतळावर उतरलं आणि मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, धुळे असं आपल्याकडे आलं. फुलांनी झाकलेल्या त्या लष्करी गाडीसाठी प्रत्येक फाट्यावर माणसं थांबली होती, शाळेची पोरंसुद्धा. हे मला नवीन नव्हतं. तू जन्मायच्या आधी इथल्या ४०१ हायवेवर मी हेच पाहिलंय. अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांना ट्रेंटनहून टोरोंटोला आणत, आणि लोक थंडीत पुलांवर उभे असत. २००७ साली त्या पट्ट्याला 'हायवे ऑफ हीरोज' असं नाव दिलं. त्यांतल्या कोणालाच मी ओळखत नव्हतो. या पेटीतल्या पोराला मी सायकल शिकवली होती.

स्मशानात एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून शाळेमागचं पडीक रान रातोरात जेसीबीने सपाट केलं, विटांचा चौथरा बांधला. मंडपाच्या दारात भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर पुढाऱ्यांचे नऊ चेहरे आणि कोपऱ्यात त्याचा एक. भाषणं झाली, एक तर वीस मिनिटं चाललं, आणि तोवर जिजी उन्हात बसून होती. मागे दोन माणसं वाद घालत होती: गोळी लागली नाही, अपघात झाला, मग याला शहीद म्हणायचं का? सरकारच्या कागदांत मुळात 'शहीद' हा शब्दच नाही, हे मला तिथे सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

फौजेची माणसं मात्र नेमकं तेवढंच करत होती जेवढं करायचं. पेटी घरी नेली, घरच्यांना पंधरा मिनिटं दिली. केशरी पट्टा डोक्याकडे येईल असा तिरंगा अंथरला होता. तो जळू द्यायचा नसतो, म्हणून आधी काढून, घडी करून त्याच्या बायकोच्या हातात दिला. जिजीने त्याची कड दोन बोटांत धरून पाहिली, बाजारात लुगडं घेताना पाहतात तशी. मग बंदुकांच्या तीन फैरी झाडल्या. तू कान झाकलेस. मग बिगुल वाजला. अग्नी थोरल्याने दिला. एक जवान गवतातून रिकाम्या पुंगळ्या वेचून मोजत होता, त्या हिशेबाला परत द्याव्या लागतात. दोन पोरांनी एक लपवली होती, ती त्याने न रागावता मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुला रस्त्यावर धावायचे आवाज आले होते ना? गावातली पोरं. भरतीची तयारी. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत. आता निवड झाली तरी चार वर्षांचीच अग्निवीर म्हणून नोकरी, आणि पुढे चारांतल्या एकालाच कायम ठेवतात. तरी धावतात. कोरडवाहू कापसावर दोन भावांचं भागत नाही, हे त्यातलं मोठं कारण, आणि गणवेशाची ओढ हेही खोटं नाही. त्या दिवशी एकच फरक होता. जिजीच्या दारासमोरून जाताना ती पोरं चालत गेली, आणि कोपऱ्यापलीकडे पुन्हा धावायला लागली.

नंदुरबारला तुला बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांच्या गोळीने गेलेल्या शिरीषकुमारचं स्मारक दाखवलं होतं. ९ सप्टेंबर १९४२, हातात झेंडा, वय १५. तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. अशा दगडांवर नाव असतं, तारीख असते. आईला सांगायला कोण गेलं, ते कुठल्याच दगडावर नसतं.

आता जे तुला माहीत नाही ते. तिसऱ्या दिवशी आजी पिठलं-भाकरी घेऊन जिजीकडे गेली. जिजी तिला म्हणाली, "माले सकायलेच समजी गयं व्हतं." रविवारी सकाळीच. खापर न्यायला कोणी आलं नाही तेव्हा. म्हणजे तुझ्याकडे फोन मागितला तेव्हा तिला माहीत होतं. आजीने विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही सगळे इतकं जिवावर घेऊन लपवत होतात, म्हटलं भाऊ येईपर्यंत थांबते.

तोंडाने आम्ही खोटं बोलत होतो आणि थंड चुलींनी तिला खरं सांगून टाकलं होतं. चुली पेटवून तिला फसवणं कोणाला सुचलंसुद्धा नाही. तू 'खोटं' म्हणतेस ते असं अर्धंच होतं. पुन्हा तशी वेळ आली तर तिचा भाऊ येईपर्यंत मी पुन्हा थांबेन, तुला पटलं नाही तरी. तुझ्या तोंडून वदवलं ते मात्र चुकलं. ते माझं मी बोलायला हवं होतं. फोन माझा होता.

आपलं विमान गुरुवारी होतं. कानबाई पुढच्या रविवारी बसली, वाजंत्रीशिवाय. तुझी मूठ आजीने परत डब्यात टाकली नव्हती, सगळ्यांच्या मुठींसोबत फडक्यात बांधून ठेवली होती. तिचे रोट झाले आणि तुझ्या वाटचे आजोबांनी खाल्ले.

गेल्या रविवारी आजीला फोन केला तेव्हा जिजी तिथेच बसली होती, कापूस वेचून आलेली. तुझं विचारलं. म्हणाली, "पोरना फोनले रेंज वनी का?" ('वनी' म्हणजे 'आली'.)

मला उत्तर देता आलं नाही. या रविवारीही ती तिथे असेल, तिकडच्या रात्री आठच्या सुमाराला. म्हणजे आपल्याकडे सकाळ. लवकर उठलीस तर फोन तूच लाव.

तुझा,
बाबा