मेंढा कळपात कधी सोडावा?

प्रश्न : वाळपईजवळ कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला आम्ही दहा मेंढ्या आणि एक मेंढा पाळला आहे, सगळी घाटावरून आणलेली. मेंढा बारा महिने कळपातच असतो. यंदा आषाढात तीन कोकरं झाली, त्यातली दोन गेली. मेंढा नेमका कधी सोडावा?
– एक शेतकरी महिला, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : ताई, कोकरं गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आधी कोकरं कधी हवीत ते ठरवा आणि तिथून पाच महिने मागे या. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की मेंढ्या माजावर येतात. आपल्या दख्खनी मेंढ्या वर्षात कधीही येतात. त्यामुळे मेंढा सतत सोबत असला की काही कोकरं पावसात पडणारच. भिजलेलं, दोन दिवसांचं कोकरू न्यूमोनियापुढे टिकत नाही. घाटावरचे धनगर दिवाळीनंतर कळप कोकणात उतरवतात आणि मृगाआधी वर नेतात, ते याच ओलीपायी. तुमच्या मेंढ्या इथंच राहणार, तेव्हा वीण तरी पावसाबाहेर काढा.

२० मेला मेंढा सोडा, २४ जूनला काढा. माजाचं चक्र १७ दिवसांचं, म्हणजे प्रत्येक मेंढीला दोन संधी मिळतात. कोकरं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येतील. तेव्हा सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापलेलं असतं, बांधावर हिरवं असतं, आईला दूध येतं. जानेवारी ते एप्रिल मात्र मेंढा वेगळाच हवा. त्या काळात भरलेली मेंढी ऐन पावसात विते.

मेंढी शेळीसारखी ओरडत नाही, माज ओळखणं कठीण. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावा. जिच्या पाठीवर रंग उमटला तिची तारीख कॅलेंडरवर लिहा. १७ दिवसांनी रंग बदला. दुसराही रंग उमटला, तर पहिल्या वेळी गाभ राहिला नाही. सगळ्यांवरच दुसरा रंग दिसला, तर दोष मेंढ्यात आहे; पशुवैद्याला दाखवा. उकाड्याने वीर्य बिघडतं, म्हणून त्याची लोकर उन्हाळ्याआधी कातरा आणि त्याला दिवसभर सावलीत ठेवा.

मेंढा सोडण्याआधी तीन आठवडे प्रत्येक मेंढीला मक्याचा भरडा द्या, मूठभरापासून वाढवत रोज पाव किलोपर्यंत. एकदम दिला तर पोट बिघडतं. कमरेवर हात फिरवून पाहा. मणके टोचत असतील तर हा खुराक चुकवू नका. जंताचं औषध लेंडी तपासून द्या. विण्याआधीच्या दीड महिन्यात पुन्हा खुराक वाढवा, पोटातलं कोकरू खरं वाढतं ते तेव्हाच. पावसात मेंढ्या जमिनीवर बसवू नका. पोफळीच्या फळ्यांचा, फटी ठेवलेला उंच माच करा, खुरं सडणार नाहीत.

या मेंढ्याच्या लेकी कळपात ठेवणार असाल, तर त्या वयात येण्याआधी मेंढा बदला. दुसऱ्या पाळणाऱ्याशी अदलाबदल केली तरी चालेल. आणि त्याला वेगळं बांधाल तेव्हा सोबतीला एखादा खच्ची केलेला नर द्या. एकटा मेंढा खाणं सोडतो, कुंपणाला धडका देत राहतो.