हे आणलं कुणी?

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या मनात दोन प्रश्न असतात. "मला कॅन्सर झालाय का?" हा ती लगेच विचारते. दुसरा सहसा तोंडावर येत नाही. नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ती आत एकटी आली, की तो मला कळतो.

सुनंदाताई (नाव बदललं आहे) अशाच एकट्या आल्या होत्या. वय ३८, लग्नाला १९ वर्षं, नवरा टेम्पो चालवतो. रिपोर्ट रेशनकार्डाच्या आत घडी घालून ठेवलेला, म्हणजे घरात कुणाच्या हाती लागू नये. गावातल्या शिबिरात नमुना घेतला होता. निकाल सांगणाऱ्या मुलीने "एचपीव्ही" म्हटलं आणि ह्यांनी ऐकलं "एचआयव्ही". ही गफलत मी सतत ऐकते. अकरा दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. ताट वाढायचं आणि उठून जायचं. त्याला कारणच माहीत नव्हतं, आणि तो आपला बाहेर बसून मोबाइल चाळत होता.

आधी एका कागदावर दोन्ही नावं लिहून दाखवली. हे वेगळं, ते वेगळं. त्यांनी श्वास सोडला, पण लगेच पुढचं आलंच, "मग हे तरी आणलं कुणी?"

इथे मी नेहमी सावकाश बोलते. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीची लागण होते. ताप नाही, खाज नाही, दुखणं नाही. त्वचेला त्वचा लागून तो पसरतो, त्यामुळे निरोधने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. शरीरात तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज सापडला म्हणजे आज आला असं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असेल, त्याच्या आधीचा असेल. "नवरा निर्दोष आहे," असं मी सुनंदाताईंना सांगितलं नाही. ते मला ठाऊक नाही आणि रिपोर्टलाही नाही. त्या कागदावरून भांडण निकाली निघत नाही, एवढंच सांगितलं.

मग कॅन्सरचं. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यांतले डझनभर धोक्याचे. १६ आणि १८ नंबरचे सगळ्यांत वाईट. गर्भाशयमुखाच्या दहापैकी सात कॅन्सरमागे हे दोघे असतात. तरीही बहुतेक बायकांचं शरीर हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत स्वतःच घालवून टाकतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांची काळजी.

"पण तिथेच का बसतो?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, ओठाला बोट लावा. बाहेरची कातडी आणि आतली ओली गुलाबी त्वचा जिथे मिळते ना, तशीच एक सांध पिशवीच्या तोंडाशी असते. तिथल्या पेशी सतत बदलत असतात, म्हणून विषाणूला तिथे शिरकाव सोपा. पेशी बिघडली तर तिला थांबवायला किंवा मारायला आपल्या शरीरात राखणदार प्रथिनं असतात. हा विषाणू त्या राखणदारांनाच निकामी करतो. मग बिघडलेल्या पेशी वाढत राहतात. हे सगळं संथ चालतं. अंगात ताकद असलेल्या बाईत लागणीपासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असेल आणि उपचार चालू नसतील, तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतं.

"म्हणजे राखणदाराला दारू पाजून झोपवायचं आणि रान लुटायचं," सुनंदाताई म्हणाल्या. ज्वारीच्या रानात आयुष्य गेलेल्या बाईला मला वेगळा दाखला शोधावा लागला नाही.

एक गोष्ट माझ्याकडून चुकली होती, ती इथे सांगते. या कामात नवी असताना अशाच एकीला मी हसून म्हटलं होतं, "घाबरू नका, बहुतेकींचा निघून जातो." वाक्य खरंच होतं. ती निर्धास्त होऊन गेली आणि पुढच्या तपासणीला आलीच नाही. तीन वर्षांनी आली ती संबंधानंतर अंगावरून लाल जातंय म्हणून. तेव्हापासून मी धीर देते, पण पुढची तारीख हातात दिल्याशिवाय कुणाला उठू देत नाही.

सुनंदाताईंच्या जावेचा सल्ला वेगळाच होता, "पिशवीच काढून टाक, कटकट नको." आमच्या भागात पांढरं जायला लागलं, कंबर दुखली की हा सल्ला घरोघरी मिळतो, कधी कधी दवाखान्यातही. मला त्याचा राग येतो. पॉझिटिव्ह रिपोर्टसाठी गर्भाशय काढत नाहीत. आधी दुर्बिणीने गर्भाशयमुख बघतात, त्यावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात, बिघडलेली जागा पांढरी दिसते आणि तिथला छोटा तुकडा तपासायला पाठवतात.

विशेष म्हणजे, एचपीव्हीच्या तपासणीने जीव वाचतात हे जगाला दाखवून दिलं ते आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, आजच्या धाराशिवच्या बायकांनी. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांचा त्या अभ्यासात मोठा वाटा होता. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. हे सांगितलं की बायका जरा ताठ बसतात.

शेवटी नवऱ्याला आत बोलावलं, सुनंदाताईंना विचारूनच. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझीपण तपासा मॅडम." पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, हे सांगितल्यावर तो ओशाळला. मग दुर्बिणीची तारीख त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकून घेतली.

तुकड्याचा रिपोर्ट 'सीआयएन २' आला. म्हणजे कॅन्सर नाही, पण पेशी त्या वाटेला लागलेल्या. जागेवरच उष्णता देऊन तेवढा भाग जाळला, मिनिटभराचं काम. नंतर काही आठवडे पाण्यासारखं जाईल आणि महिनाभर संबंध नकोत, हे दोघांना एकत्र बसवून सांगितलं. १३ वर्षांच्या मुलीच्या लसीचं त्यांनीच काढलं. पुण्यात तयार होणारी लस २०२३पासून मिळते. ९ ते १४ वयात, लागण होण्याआधी दिलेली सगळ्यात चांगली. "मुलीला सांगू काय, कशाची सुई?" "कॅन्सरची," मी म्हटलं. तेवढंच खरं आणि तेवढंच पुरे. मुलाला द्यायची असेल तर त्यालाही देता येते.

वर्षाने फेरतपासणी झाली, निगेटिव्ह. त्या दिवशी सुनंदाताईंनी जावेला ओढत आणलं होतं. हल्ली नमुना स्वतःच घेता येतो, तपासणीच्या टेबलावर झोपावं लागत नाही. जाऊबाईंनी ब्रशची नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली, पडद्याकडे निघाल्या आणि परत माझ्यापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, ह्याच्यात निघालं तर आमच्या ह्यांना सांगावं लागतं का?"

"रिपोर्ट तुमचा," मी म्हटलं. "आधी येऊ तर दे."